साधन एकांगी असेल, तर ते निरुपयोगी ठरते का? इतिहासाच्या पेपरमधील एका प्रश्नाविषयी

मुलुंडची वाचक

नमस्कार. माझी मुलगी मुंबईतील एका शाळेत आंतरराष्ट्रीय मंडळाच्या अभ्यासक्रमानुसार दहावीत शिकत आहे. मी स्वतः राज्य मंडळाची, मराठी माध्यमाची. आमच्या वेळी ‘इतिहासाची साधने’ या पाठात भौतिक, लिखित आणि मौखिक अशी तीन खाती पाडून नाणी कोठे, ताम्रपट कोठे आणि पोवाडे कोठे एवढे नीट मांडले की गुण मिळत असत. एखादे साधन कितपत कामाचे आहे, असे आम्हाला कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. त्यामुळे मुलीला मदत करताना मी अपुरी पडते आहे, हे आधीच मान्य करते.

शाळेच्या चाचणीत १८९६-९७ च्या मुंबईतील प्लेगाच्या साथीवर एक प्रश्न होता. तत्कालीन म्युनिसिपल कमिशनर स्नो यांच्या अहवालाच्या आधारे शिक्षकांनी सोपा करून दिलेला एक उतारा होता. त्यात रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा हुकूम, शहरात पसरलेल्या अफवा आणि रुग्णालयावर झालेला हल्ला यांची माहिती होती. प्रश्न असा होता : ‘सरकारी उपायांना लोकांनी विरोध का केला, हे समजून घेण्यासाठी हे साधन किती उपयुक्त आहे?’ गुण आठ.

मुलीने लिहिले की, हा अहवाल इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलेला आहे, त्याला स्वतःच्या सरकारची बाजू सांभाळायची होती, म्हणून तो पूर्वग्रहदूषित आहे आणि म्हणूनच फारसा उपयुक्त नाही. तिला आठपैकी दोन गुण मिळाले. समासात शिक्षकांनी लाल शाईने एकच शब्द लिहिला आहे : ‘कशासाठी?’

ती अत्यंत खट्टू झाली आहे. तिचे म्हणणे असे की लेखक कोण, त्याचा हेतू काय आणि तो निःपक्षपाती आहे का, हे तपासायला वर्गातच शिकवले होते आणि तिने नेमके तेवढेच केले. मलाही तिचे म्हणणे पटते आहे. इंग्रज अधिकाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवू नये, यात चूक ती काय? विश्वसनीयता आणि उपयुक्तता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का, आणि असतील तर पंधराव्या वर्षी, घड्याळाकडे पाहत पेपर लिहिताना मुलांनी तो फरक कसा दाखवायचा? येथे इतिहास शिकवणारी मंडळी आहेत, म्हणून विचारते आहे.

---

निवृत्त मास्तर, गिरगाव

ताई, आपल्या मुलीने केलेली चूक मी माझ्या नोकरीच्या काळात शेकडो वह्यांत पाहिली आहे, आणि ती हुशार मुलेच अधिक करतात. सामान्य विद्यार्थी उताऱ्यात लिहिले आहे ते खरे मानून उतरवून काढतो. हुशार मुलाला संशय घ्यायला शिकवलेले असते, आणि एकदा संशय घेतला की काम संपले असे त्याला वाटते. समासातला ‘कशासाठी?’ हा शब्द लेखकाच्या हेतूविषयी नसावा, असे मला वाटते. उपयुक्त नाही, पण कशासाठी उपयुक्त नाही, असे त्या शिक्षकांना विचारायचे आहे.

आपल्याला परिचित असलेले उदाहरण घेऊ. शिवराज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी रायगडावर झाला. त्याची हकीकत सांगणारी दोन साधने विद्यार्थ्यासमोर ठेवली आहेत असे समजा. पहिले म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन याने लिहून ठेवलेला वृत्तान्त, आणि दुसरे म्हणजे कृष्णाजी अनंत सभासद यांची बखर. ऑक्झिंडन मुंबईहून गेला होता, त्या दिवशी दरबारात हजर होता आणि त्याने सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना भाल्यांच्या टोकांवर लावलेली चिन्हे नोंदवली आहेत; सोन्याच्या माशांची मुंडकी, घोड्यांच्या शेपट्या, न्यायाचे चिन्ह म्हणून सोन्याचा तराजू. सभासदाने बखर लिहिली ती महाराजांच्या निधनानंतर दशकभराहून अधिक काळ लोटल्यावर, १६९० च्या दशकात, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून आणि जिंजीत, म्हणजे मोगलांचा वेढा किल्ल्याभोवती असण्याच्या काळात. तो राज्याभिषेकासाठी बत्तीस मण सोन्याचे सिंहासन घडवल्याचे सांगतो आणि समारंभाचा खर्च एक कोटी बेचाळीस लाख होन इतका देतो.

आता आपल्या मुलीची पद्धत लावून पाहा. ऑक्झिंडन परका, त्याला व्यापाराच्या सवलती आणि राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई हवी होती, म्हणून तो बाद. सभासद पदरचा माणूस, धन्याचा गौरव करणारा, म्हणून तोही बाद. दोन्ही साधने बाद झाली आणि विद्यार्थ्याच्या हातात राज्याभिषेकाबद्दल काहीच उरले नाही. या रीतीने इतिहास लिहायचे ठरवले तर एकही पान लिहून होणार नाही, कारण ज्याला कसलाही स्वार्थ नाही असा माणूस सहसा काही लिहूनच ठेवत नाही.

त्याऐवजी प्रश्न बदलून पाहावा. दरबाराची मांडणी कशी होती, एवढेच जाणून घ्यायचे असेल तर ऑक्झिंडन फार मोलाचा आहे, कारण भाल्यांच्या टोकांवर काय होते याबाबत खोटे लिहून कंपनीचा काडीचाही फायदा होणार नव्हता. हा समारंभ महाराजांना का आवश्यक वाटला, वैदिक विधीचा आग्रह का धरला गेला, हे विचारायचे असेल तर तोच ऑक्झिंडन तोकडा पडतो. तो पाहुणा होता आणि करारमदार करायला आला होता. सभासदाचा खर्चाचा आकडा हिशेबाच्या वहीसारखा वापरणे धोक्याचे आहे. पण राज्य संकटात असताना, राजधानी हातची गेलेली असताना, पुढच्या पिढीला तो दिवस केवढा भव्य वाटत होता, आणि वेढ्यात बसलेल्या राजाला ती आठवण का हवी होती, हे विचाराल तर तोच फुगलेला आकडा बोलू लागतो. आकडा विश्वसनीय नसेलही. या दुसऱ्या प्रश्नासाठी तो उपयुक्त मात्र आहे. आपण विचारलेला फरक तो हाच.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. बखरींवर विसंबू नये, अस्सल समकालीन पत्रे पाहावीत हा आग्रह आपल्याकडे इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी धरला. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढताना पानिपतच्या काळातील पत्रे छापून त्यांनी प्रस्तावनेत बखरकारांच्या चुका दाखवल्या. तो आग्रह त्या काळी अत्यंत गरजेचा होता. परंतु शाळेत पोहोचेपर्यंत त्याचे ‘बखर म्हणजे खोटे, पत्र म्हणजे खरे’ असे सुटसुटीत सूत्र होऊन बसले. पत्र लिहिणाराही कोणाला तरी काहीतरी पटवूनच देत असतो, हे आम्ही मास्तर मंडळी सांगायला विसरलो.

---

दादरचा शिकवणीवाला

मास्तरांचे विवेचन वाचून आनंद झाला, परंतु मला थोडा विरोध नोंदवायचा आहे. परीक्षेच्या खोलीत बसलेल्या मुलाला सभासद आणि ऑक्झिंडन यांच्यावर चिंतन करायला वेळ नसतो. एका पेपरात तीन-चार साधने, एखादे व्यंगचित्र आणि त्यावरचे पाच-सहा प्रश्न असतात. आठ गुणांच्या प्रश्नाला फार तर बारा-पंधरा मिनिटे मिळतात. त्या वेळेत मुलगा गोंधळून जाऊ नये म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना चार ककार देतो : कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कोणासाठी लिहिले आणि का लिहिले. या चारही गोष्टींवर एकेक वाक्य आणि शेवटी ‘म्हणून हे साधन काही अंशी उपयुक्त आहे’ असे वाक्य. एवढे केले की मुलगा कोरा पेपर देऊन येत नाही.

आपण सगळे साच्याला नावे ठेवतो, पण आपणही निबंध शिकताना प्रस्तावना, मध्य आणि समारोप असा साचा वापरूनच शिकलो. ज्या मुलांच्या घरी इतिहासावर बोलणारे कोणी नाही, त्यांना साच्याचा आधार काढून घेतला तर ती उतारा उतरवून काढतील, आणि त्याला दोन गुणसुद्धा मिळणार नाहीत. आपल्या मुलीच्या उत्तरात मला दोष दिसतो तो एवढाच की तिने टोकाची भूमिका घेतली. ‘फारसा उपयुक्त नाही’ याऐवजी ‘काही अंशी उपयुक्त’ लिहिले असते आणि दोन्ही बाजू दिल्या असत्या, तर चार-पाच गुण कोठेच गेले नव्हते.

---

उत्तरपत्रिका तपासणारी

मी काही वर्षे अशा उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. कोणत्या मंडळाच्या, ते येथे सांगत नाही, कारण तपासणीची पद्धत बहुतेक ठिकाणी सारखीच असते. प्रत्येक मुद्द्याला एक गुण, असा हिशेब आम्ही करत नाही. संपूर्ण उत्तर वाचून ते कोणत्या पातळीचे आहे हे ठरवावे लागते आणि मग त्या पातळीतला गुण द्यावा लागतो. म्हणून शिकवणीवाल्या सरांचे चार ककार अंशतः बरोबर असूनही मुलांना तळाच्या पातळीतून वर येऊ देत नाहीत. ‘हे साधन १९१९ चे असल्याने समकालीन आहे’, ‘लेखक इंग्रज असल्याने एकांगी आहे’, ‘वृत्तपत्रातले असल्याने अतिरंजित आहे’ ही वाक्ये कोणत्याही साधनाखाली जशीच्या तशी डकवता येतात, आणि जे वाक्य उतारा न वाचता लिहिता येते त्याला वरच्या पातळीत जागा नाही. ‘काही अंशी’ या दोन शब्दांनाही स्वतंत्र गुण नाहीत. अंश कोणता, ते सांगावे लागते.

एक नेहमीचे उदाहरण देते. मे १९१९ मध्ये ‘डेली हेरल्ड’ या मजूर चळवळीच्या बाजूच्या ब्रिटिश वृत्तपत्रात विल डायसन यांचे एक व्यंगचित्र आले. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या शांतता परिषदेतून विजयी राष्ट्रांचे नेते बाहेर पडत आहेत, कोपऱ्यात एक उघडे मूल रडत उभे आहे, आणि त्याच्या डोक्यावर ‘१९४० चा वर्ग’ अशा अर्थाचे शब्द आहेत. म्हणजे आज लहान असलेले हे मूल १९४० मध्ये सैन्यात भरती होण्याच्या वयाचे होईल. फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो थांबून म्हणतात की एखादे मूल रडत असल्याचा भास होतो आहे. इतिहास शिकणारी जगभरची मुले हे चित्र पाठ्यपुस्तकात पाहतात.

‘व्हर्सायच्या तहाविषयी ब्रिटनमध्ये काय वाटत होते, हे समजण्यासाठी हे चित्र किती उपयुक्त आहे?’ असा प्रश्न घातला, तर उत्तरांचे दोन मोठे गठ्ठे होतात. पहिला गठ्ठा म्हणतो की हे व्यंगचित्र आहे, व्यंगचित्रकार थट्टा करतो, म्हणून उपयुक्त नाही. दुसरा गठ्ठा अधिक मजेदार असतो. तो म्हणतो की दुसरे महायुद्ध खरोखरच १९३९ मध्ये सुरू झाले, म्हणजे चित्रकाराचे भाकीत खरे ठरले, म्हणून हे साधन अत्यंत विश्वसनीय आणि उपयुक्त आहे. मुलांना पुढची गोष्ट ठाऊक असते आणि ती ठाऊक असणे त्यांना उत्तरातून वजा करता येत नाही. १९१९ च्या मे महिन्यात हे चित्र पाहणाऱ्या मजुराला १९३९ माहीत नव्हते. भाकीत खरे ठरले की खोटे, याचा त्या वेळच्या जनमताशी काहीही संबंध नाही.

फार थोड्या उत्तरांत असे लिहिलेले असते : तहावर अजून सह्या व्हायच्या असतानाच ब्रिटनमधील डाव्या वृत्तपत्राला तो पुढच्या युद्धाची बीजे पेरणारा वाटत होता, हे या चित्रावरून कळते, मात्र हे वृत्तपत्र मजूर चळवळीचे असल्यामुळे, जर्मनीकडून जास्तीत जास्त वसुली व्हावी असे म्हणणाऱ्या बहुसंख्य ब्रिटिश मतदारांचे मत त्यावरून कळत नाही. चित्राचा पक्षपात येथे अडचण ठरला नाही. नेमका कोणाचा पक्ष समोर आला आहे, हे त्यामुळेच कळले. या उत्तराला मी वरच्या पातळीत ठेवते, आणि त्याला बारा मिनिटेसुद्धा लागत नाहीत. लांबी जेमतेम एका-दोन वाक्यांची आहे.

शिकवणीवाल्या सरांना एवढेच सुचवते की, चार ककार ठेवावेत, परंतु प्रत्येक ककारानंतर मुलाने ‘म्हणून या उताऱ्यातील अमुक वाक्य असे वाचावे लागते’ एवढे जोडायला शिकावे. उताऱ्यातील एखादा शब्द उचलून दाखवल्याशिवाय वाक्य पूर्ण झाले असे मानू नये. आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएटच्या पेपरमध्येही साधनाचे मूळ, हेतू आणि आशय या तिन्हींच्या आधारे मूल्य व मर्यादा विचारल्या जातात. मुले मूळ आणि हेतू यांवर पानभर लिहितात आणि आशय विसरतात.

---

दप्तरखान्यातला

मी शिक्षक नाही. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे, तेथे संशोधनाच्या निमित्ताने मी बरेच दिवस काढले आहेत आणि प्लेगाच्या काळातील काही कागद पाहिले आहेत. म्हणून मूळ प्रश्नाकडे, म्हणजे स्नो यांच्या अहवालाकडे परत येतो. आपल्या मुलीने तो उतारा फार लवकर खाली ठेवला, असे मला वाटते.

प्रथम पार्श्वभूमी. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगाचे निदान केले. ऑक्टोबरच्या आरंभी कमिशनरांनी रुग्णांना सक्तीने वेगळे काढण्याचा आणि रुग्णालयात नेण्याचा हुकूम काढला. त्याच महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयावर हल्ला केला आणि त्यानंतर सक्ती सैल करण्यात आली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि पुन्हा कडक उपाय सुरू झाले.

आता हा अहवाल लिहिणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. हा गृहस्थ सक्तीचा हुकूम काढतो आणि काही आठवड्यांत माघार घेतो. पुढे त्याच्या हातून सूत्रे काढून लष्करी अधिकाऱ्याच्या समितीकडे दिली जातात. त्यानंतर तो अहवाल लिहायला बसतो, तेव्हा त्याला आपल्या वरिष्ठांना काय सांगायचे असेल? आपण माघार घेतली ती भित्रेपणाने नव्हे, परिस्थितीच तशी होती, हे. शहराचे सफाई कामगार घाबरून पळून गेले असते तर मुंबईची काय अवस्था झाली असती, ही धास्ती त्याच्या युक्तिवादाच्या केंद्रस्थानी आहे. म्हणजे लोकांचा विरोध लपवण्यात या माणसाचे हित नव्हते. तो विरोध ठळकपणे आणि तपशिलाने मांडण्यातच त्याचे हित होते. ‘इंग्रज अधिकारी आहे, म्हणजे सरकारची बाजू सांभाळण्यासाठी विरोध दडपून सांगेल’ हे आपल्या मुलीचे गृहीतक येथे उलटे पडते. हेतू ओळखणे पुरेसे नसते, तो हेतू माहितीला कोणत्या दिशेने ढकलतो हे पाहावे लागते. विरोध किती होता हे सांगताना तो फुगवून सांगेल, असा संशय घ्यायला जागा आहे. विरोध नव्हताच असे सांगेल, असा संशय घ्यायला नाही.

परंतु प्रश्न ‘विरोध का केला’ असा आहे, आणि येथे साधनाची खरी मर्यादा लागते. अधिकाऱ्याला जमाव दिसतो, अफवा ऐकू येतात, आणि त्यांना तो अज्ञान असे नाव देतो. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, हा लालबाग-परळच्या चाळीतला रोजचा अनुभव होता. त्या अनुभवातून जन्मलेली भीती ही अफवा की निष्कर्ष? परपुरुषाने घरात शिरून बायकांना तपासणे, जातीबाहेरच्या माणसाच्या हातचे पाणी, मृतदेह हवाली न करणे, या सर्वांचा जाच अहवालात हरकती म्हणून येतो, पण ज्याच्या घरात हे घडले त्याच्या तोंडून येत नाही. गिरणी कामगाराने स्वतः लिहून ठेवलेले काही माझ्या तरी हाती लागलेले नाही.

म्हणून आम्ही दुसरे दप्तर उघडतो. सरकार देशी वृत्तपत्रांतील मजकुराचा इंग्रजी सारांश दर आठवड्याला गोपनीय अहवालाच्या रूपाने अधिकाऱ्यांसाठी तयार करवून घेत असे. प्लेगाच्या काळातील हे सारांश वाचताना मराठी आणि गुजराती पत्रे काय म्हणत होती हे कळते, आणि त्याहून मला अधिक रोचक वाटते ते असे की सरकारला त्यातले काय टिपून घ्यावेसे वाटत होते, हेही कळते. मूळ ‘केसरी’चा अंक आणि त्याच अंकाचा सरकारी सारांश शेजारी ठेवला, तर निवड कोणी केली आणि कोणता सूर भाषांतरात गळाला हे दिसते. हे किरकोळ प्रकरण नव्हते. १८९७ मध्ये टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली, ती ‘केसरी’तील मजकुरावरूनच.

आकड्यांचेही असेच आहे. प्लेगाने मेला असे कळले की घराची झडती, सामानाची जाळपोळ आणि शेजाऱ्यांची रवानगी, हे ठाऊक असल्यामुळे लोक रुग्ण लपवत. त्यामुळे ‘प्लेगाने झालेले मृत्यू’ हा नोंदवलेला आकडा मृत्यू मोजण्यासाठी कच्चा आहे. मात्र त्याच महिन्यांत इतर आजारांच्या नावावर नोंदलेले मृत्यू नेहमीपेक्षा किती वाढले हे पाहिले, तर लपवाछपवीचा अंदाज येतो, आणि लपवाछपवी हा विरोधाचाच एक प्रकार आहे. मुंबईची लोकसंख्या १८९१ च्या जनगणनेत ८,२१,७६४ होती, ती १९०१ मध्ये ७,७६,००६ झाली. ही घट मृत्यूंमुळे तशीच लोक शहर सोडून गेल्यामुळेही झाली. पळून जाणे हाही विरोधच, आणि तो दगडफेकीपेक्षा कितीतरी अधिक लोकांनी केला.

दहावीच्या मुलीने हे सर्व लिहावे, अशी माझी अजिबात अपेक्षा नाही. पण ‘हे साधन काय सांगू शकत नाही आणि ते कोठे सापडेल’ असे एक वाक्य तिला निश्चित लिहिता येईल.

---

दादरचा शिकवणीवाला

हेतू माहितीला कोणत्या दिशेने ढकलतो, हा मुद्दा मी लिहून घेतला आहे. माझ्या चौथ्या ककारापुढे तो जोडतो. मात्र एक शंका राहते. स्नो यांच्यावर माघारीचा ठपका येण्याची शक्यता होती, ही माहिती उताऱ्यात नाही. ती बाहेरून आणावी लागते. ज्या मुलाला ती ठाऊक नाही, त्याचे काय?

---

उत्तरपत्रिका तपासणारी

शंका रास्त आहे. अशा प्रश्नात विद्यार्थ्याचे स्वतःचे ज्ञान लागतेच, आणि म्हणूनच तो इतिहासाचा प्रश्न आहे, आकलनाचा नव्हे. मात्र ते ज्ञान साधनाला भिडवावे लागते. प्लेगाविषयी पाठ केलेला सारा मजकूर एका परिच्छेदात ओतून पुढच्या परिच्छेदात ‘साधन काही अंशी उपयुक्त’ असे लिहिणारे पुष्कळ असतात, आणि तो परिच्छेद वाचताना आम्हालाही वाईट वाटते, कारण अभ्यास केलेला दिसत असतो. सक्ती आधी लागू झाली आणि मग सैल झाली, एवढे वर्गात शिकवलेले असणार. तेवढे पुरते.

---

मुलुंडची वाचक

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी हा सगळा संवाद मुलीला वाचून दाखवला. राज्याभिषेकाचे उदाहरण तिला लगेच समजले, व्यंगचित्र तिच्या पुस्तकातच होते, आणि स्नो यांच्या माघारीच्या मुद्द्यावर मात्र ती माझ्याशी वाद घालत बसली. तिचे म्हणणे असे की, हे असे असेल तर कोणतेही साधन कधीच निरुपयोगी ठरणार नाही, मग ‘किती उपयुक्त’ असे विचारण्यात अर्थ काय? मला उत्तर देता आले नाही.

तिने उत्तर पुन्हा लिहिले आहे. तिच्या परवानगीने, मराठीत उतरवून येथे देते :

‘लोकांनी विरोध कसा केला हे समजण्यासाठी हा उतारा बराच उपयुक्त आहे, कारण लेखक शहराच्या कारभाराचा प्रमुख होता आणि रुग्णालयावरील हल्ल्यासारख्या घटना त्याला कळवल्या जात होत्या. त्याने आधी सक्ती केली आणि नंतर ती सैल केली, म्हणून माघारीचे कारण दाखवण्यासाठी त्याने विरोधाचे वर्णन वाढवून केले असण्याची शक्यता आहे. तरीही हल्ला झाला हे त्याने मुद्दाम रचले असेल असे वाटत नाही. लोकांनी विरोध का केला, यासाठी उतारा कमी उपयुक्त आहे. लेखक अफवा आणि अज्ञान ही कारणे देतो, पण ज्यांना घरातून नेले त्यांचे म्हणणे त्यात पूर्णपणे गैरहजर आहे. त्यासाठी त्या काळची मराठी व गुजराती वृत्तपत्रे पाहावी लागतील, जरी ती चालवणारे लोकही गिरणी कामगार नव्हते.’

---

उत्तरपत्रिका तपासणारी

मी याला सात गुण देईन. एक गुण ‘पूर्णपणे’ या शब्दासाठी कापते. अफवा कोणत्या होत्या हे उताऱ्यात नोंदलेले आहे, आणि रुग्णालयात माणसे मारली जातात असे लोक एकमेकांना सांगत असतील, तर त्यांचे म्हणणे विकृत रूपात का होईना, पण उताऱ्यात आलेले आहे. लेखकाने त्याला अज्ञान म्हटले म्हणून ते नाहीसे होत नाही. वृत्तपत्रे चालवणारेही गिरणी कामगार नव्हते, हे शेवटचे वाक्य तिला कोणी सुचवले नसेल, तर त्या शिक्षकांना हे उत्तर अवश्य दाखवावे.

तिच्या प्रश्नाविषयी : साधन बदलले नाही तरी प्रश्न बदलतो, आणि ‘किती’ हे त्या प्रश्नाच्या मापाने ठरते. याच उताऱ्याखाली ‘मुंबईत प्लेग कोठून आला?’ असा प्रश्न घातला असता, तर त्याला शून्य उपयोग आहे असे लिहिणाऱ्या मुलीला मी पूर्ण गुण दिले असते.

---

मुलुंडची वाचक

शेवटचे वाक्य तिचेच आहे. सोमवारी वही घेऊन जाते म्हणाली.